परवानगीशिवाय धरलेलं फळ

“माझ्या ग्रीनहाउसमध्ये कोण शिरलं होतं?” दत्तोपंत गच्चीवरूनच ओरडले. खाली स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी चारुलताबाईंनी गॅस बारीक केला.

चोरीला काहीच गेलं नव्हतं. उलट एक वस्तू जास्त सापडली होती आणि दत्तोपंतांचा पारा त्यामुळेच चढला होता. दोनशे बारा नंबरच्या कुंडीतल्या निवडुंगाच्या डोक्यावर पांढरी लोकर असते. त्या लोकरीतून हरभऱ्याएवढं फळ वर आलं होतं. ही जात स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, तोही फूल उमललेलं असतं त्या दोन दिवसांत. आणि अख्ख्या चेन्नईत असं दुसरं झाड दत्तोपंतांच्या माहितीत एकाच माणसाकडे होतं. गिंडीच्या व्यंकटेशरावांकडे.

त्या माणसाशी ते सहा वर्षं बोलत नव्हते. त्याआधी दर रविवारी दोघांपैकी एकाच्या गच्चीवर चहा व्हायचा. व्यंकटेशराव तंजावरकडचे मराठी, दत्तोपंत साताऱ्याहून चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला आलेले. बायकांचंही चांगलं जमायचं. मग निवडुंगांच्या प्रदर्शनात चाळीस माणसांसमोर व्यंकटेशराव दत्तोपंतांच्या कुंडीपाशी वाकले आणि म्हणाले, नावाची पाटी चुकली आहे. पाटी खरोखरच चुकली होती, हा तर त्याहून मोठा गुन्हा. “त्या घराशी आपला संबंध संपला,” दत्तोपंतांनी घरी येऊन जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी ग्रीनहाउसला पितळी कुलूप आणलं.

माणूस शिस्तीचा. इथल्या निवडुंगांना थंडीची भीती नसते, भीती पावसाची. म्हणून वर पारदर्शक पत्रे, चारी बाजूंनी हिरवी जाळी. जातीनुसार रांगा, प्रत्येक कुंडीला नंबर, पाट्या पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण शाई त्यांच्या अड्यार भागातल्या उन्हात उडते. सगळं जागच्या जागी होतं. नव्हतं ते फक्त दोनशे बाराचं बी. अठरा वर्षं त्यांनी हे झाड सांभाळलं होतं. त्याची रोपं आपल्या हाताने वाढवायची, एवढी एकच इच्छा उरली होती. दर ऑक्टोबरात फूल यायचं आणि तसंच सुकून जायचं. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण फोन करतील ते दत्तोपंत कसले!

आता त्यांना सगळा उलगडा झाला. ऑक्टोबरात फूल उमललं त्या दिवशी ते कुंड्यांसाठी विटांचा चुरा आणायला शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला गेले होते. तेवढ्यात व्यंकटेशने डाव साधला. आपला पराग चोरला आणि चोरताना त्याच्या ब्रशवरचा पराग इथे सांडला. म्हणजे त्याच्याकडेही बी धरलं असणार. आपल्या झाडाचं बी! दत्तोपंतांनी कुंडी उचलली, छातीशी धरली आणि ऑटो थांबवला. चारुलताबाई पदराला हात पुसत आल्या आणि न विचारता शेजारी बसल्या.

गिंडीला व्यंकटेशराव गच्चीवरच होते. दत्तोपंतांनी त्यांच्यासमोरच्या फळीवर कुंडी आदळली. “चोर आहात तुम्ही! कुलूपबंद घरात शिरता?”

व्यंकटेशराव कुंडीवर वाकले, फळ पाहिलं आणि ताठ झाले. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

“अय्यो, मी चोर?” ते ओरडले. “अस्क, सगळं माझ्यावरच घाला! मग माझ्या झाडाला कोण केलं? सांगा की!”

त्यांनी मागची कुंडी पुढे ओढली. त्यांच्या निवडुंगाच्या लोकरीतूनही तसंच फळ वर आलं होतं. “तुम्हीच आलांत चोरून, म्हणून काल मी गच्चीचं कुलूप बदललों,” ते म्हणाले.

दोघांनाही दम लागला होता. व्यंकटेशरावांच्या पत्नी राजसबाई जिन्याच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी चारुलताबाईंकडे पाहिलं. चारुलताबाईंनी मान हलवली.

“आम्ही केलं,” चारुलताबाई राजसबाईंकडे हात करून नवऱ्याला म्हणाल्या. “तुमच्या झाडाचा पराग मी हिला दिला, हिच्या झाडाचा मी नेला. कुंकवाच्या डबीतून.”

“तू इथे आली होतीस?”

“नवरात्र होतं. हिने इकडच्या रीतीने बाहुल्या मांडल्या होत्या, हळदीकुंकवाला बोलावलं. दरवर्षी बोलावते. दरवर्षी येते मी.”

“आणि कुलूप?”

“दुसरी किल्ली सहा वर्षं देवघरात पडून आहे. तुम्ही तिकडे फिरकलात तर दिसेल.”

दत्तोपंतांना हवं होतं ते बी समोर होतं, एका नव्हे, दोन कुंड्यांत. पण राग काही उतरेना. आपल्या ग्रीनहाउसमध्ये, आपल्या झाडाला, आपल्याला न सांगता! ते बायकोवर कडाडले, “कुणाला विचारून केलंस हे?”

चारुलताबाई इतक्या वर्षांत कधी नवऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या. गच्चीभर ऐकू गेलं.

“भांडलात तुम्ही दोघं, आणि मैत्री तोडलीत आमची. तेव्हा कुणाला विचारलं होतंत?”