हिवरगाव रोडचं पिवळं कापड

"लिही, बाय. हिवरगाव रोड स्टेशनाने आजवर एकाही माणसाला मागे ठेवलं नाही. हे वाक्य जरा ठळक छाप."

गणपत मास्तरांनी फर्मान सोडलं आणि खुर्चीत रेलून बसले. समोर मानसी मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घेत होती. बंद पडलेल्या छोट्या स्टेशनांचा इतिहास ती लिहीत होती, आणि त्या नॅरो गेजच्या लाइनीवरचे हयात मास्तर आता गणपत एकटेच उरले होते. लालबागमधल्या त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात सुभद्राबाई सूप मांडीवर घेऊन मसाल्याच्या मिरच्यांचे देठ काढत होत्या. मास्तरांना दर चार वाक्यांनी ठसका लागत होता, पण थांबायचं नाव नव्हतं. इतक्या वर्षांनी त्यांना कोणीतरी विचारायला आलं होतं.

"स्टेशन कसलं गो ते, पत्र्याची खोली. फलाटाला मुरूम. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. सकाळी दहा वीसला गाडी जंक्शनला जायची, संध्याकाळी तीच माघारी. चुकली की बसा दुसऱ्या दिवसापर्यंत. गाव दीड कोस लांब, मध्ये टेकाड. कोण धावत येतंय ते मला खालून काय दिसणार?"

"मग?"

"मग ही!" मास्तरांनी बायकोकडे हात केला. "आमचं क्वार्टर टेकाडावर. गाडीच्या वेळेला ही कुंपणाशी उभी. कोणी धापा टाकत येताना दिसलं की तारेवर कापड टाकायची. कापड दिसलं की मी झेंडी बगलेत मारायचो. माणूस चढला की मगच हिरवी."

"लाल कापड?"

"लाल कसं चालेल? ड्रायव्हर अलीकडेच गाडी उभी करायचा! आणि हिरवं टाकलं तर सुटायचा. म्हणून पिवळं. हिच्याच जुन्या लुगड्याचं."

"आणि गाडीला उशीर झाला तर रजिस्टरात काय लिहायचात?"

"इंजिनाने पाणी घेतलं. आमच्या इंजिनाला तहान फार!"

मानसी खळखळून हसली. मास्तरही हसले. शाळेच्या बाई, बाळंतपणाला निघालेल्या लेकीसुना, एकदा तर अख्खं वऱ्हाड, सगळ्यांसाठी त्या इंजिनाने पाणी प्यायलं होतं.

"म्हणजे खरंच कोणाची गाडी चुकली नाही? एकदाही?"

"एकदाही नाही."

देठ मोडण्याचा आवाज थांबला. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. हे वाक्य पुस्तकात छापून आलं की निदान कागदावर तरी आपण सुटलो, असं त्यांना मानसीचा फोन आल्यापासून, गेले आठ दिवस वाटत होतं. सुभद्राबाईंच्या देखत ते तसंच सोडून देणं मात्र जमेना.

"एकदा चुकली," ते हळूच म्हणाले. "हिची."

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सुभद्राबाई सकाळीच गावात दळण घेऊन गेल्या होत्या. पोस्टमास्तरांनी रस्त्यात गाठून तार हातात दिली. परळला आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. दळण तिथेच टाकून त्या नेसत्या लुगड्यानिशी धावत सुटल्या. बाभळीच्या वळणावर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी हलली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने त्या निघाल्या आणि परळच्या चाळीत पोचल्या, तोवर माणसं स्मशानातून परत येऊन अंघोळी करत होती. तेराव्यानंतर त्या हिवरगावला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बाईंना उशीर झाला होता. तारेवर पिवळं कापड पडलं.

"पण त्याला मी तरी काय करणार?" मास्तर मानसीला सांगू लागले. "मी रोजच्यासारखं वर बघितलं होतं. कुंपण मोकळं होतं. मोकळं दिसलं म्हणून झेंडी दाखवली."

हे त्यांनी आजवर मेव्हण्याला सांगितलं होतं, लेकीला सांगितलं होतं, आणि कोणी नसलं की स्वतःला सांगितलं होतं. सांगून पटायचं असतं तर एव्हाना पटलं असतं. सुभद्राबाईंनी त्यावर कधी ब्र काढला नव्हता. त्या ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"पण आजोबा, कापड तर आजीच टाकायच्या ना?"

"तेच तर म्हणतो मी! टाकणारीच रस्त्यावर, मग कापड कुठून येणार? ना तिची चूक, ना माझी. तू ते वाक्य तसंच राहू दे."

सुभद्राबाईंनी सूप खाली ठेवलं. तिखटाचे हात पदराला न लावता तसेच अधांतरी धरले.

"अहो, कोणी येणारं नसलं, तरी मी रोज तिथे उभी असायचे. गाडी सुटेपर्यंत. तुम्ही झेंडी गुंडाळून वर बघायचात, मग मी आत जायचे."

"हो, मग?"

"त्या दिवशी कापड नव्हतं, ते दिसलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मी नव्हते, ते नाही दिसलं."