विहिरीतली उडी

"आता कुनी बोलायचं न्हाय," सयाजीने हात वर केला आणि खोली गप्प झाली.

पडद्यावर समरकुमार विहिरीच्या दिशेने धावत सुटला होता. मागे दहा गुंड. काठावर पोचताच त्याने सरळ खाली झेप घेतली. चाळीस फूट, आणि मध्ये कुठे दृश्य तोडलेलं नाही.

"बघितलं? आपल्या घरातली उडी हाय ही!" सयाजीची छाती फुगली. शेजारच्या सदूने त्याच्या पाठीवर थाप मारली.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत समरकुमारचे मारधाडीचे सिनेमे सयाजीच्या खोलीतच बघायचे, असा रविवार दुपारचा रिवाजच पडला होता. व्हीसीआर भाड्याचा, माणसं तीसएक. आठवडाभर वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहणारा सयाजी इथे न्यायाधीश होऊन बसे. "ही खोटी. आधी उडी दावली, मग पानी. मधलं गाळलं." "हितं खाली गाद्या हायत." विहिरीची उडी आली की मात्र तो डोळे भरून नुसता बघत राही. त्याची बायको राहीबाई नेमकी तेव्हाच चहा टाकायला उठे. तेच ते किती वेळा बघायचं माणसाने?

वाईजवळच्या एका गावात शूटिंग झालं, नायकाने ऐन वेळी कच खाल्ली आणि गावातल्याच कुणीतरी त्याच्या वेशात उडी मारली, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. सयाजीचं गाव तेच. त्यामुळे यंदा गणेशोत्सवात त्याचा सत्कार करायचं मंडळाने ठरवलं.

फक्त मंडळाचे चिटणीस हौसेराव यांना हे काही पटेना. गेल्या वर्षी विसर्जनाला सयाजी गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरला नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी बरीच खटपट करून त्या सिनेमाच्या फाइटमास्टरांचा पत्ता काढला. म्हातारे ऐरोलीला मुलाकडे राहत होते. हौसेरावांनी त्यांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आणि ही बातमी मोठ्या प्रेमाने सयाजीला जाऊन सांगितली.

सत्काराच्या दिवशी राहीबाईने चहाचा कप सयाजीपुढे ठेवला.

"तुमी जाऊ नका," ती म्हणाली. "मास्तर तोंडावर सांगत्याल. चारचौघांत शोभा हुईल."

"माजीच हुईल ना? हुंदे."

"आत्याबाईंना शब्द दिलाय तुमी."

"आई गेली, राहे. तिच्या हयातीत मी चकार शब्द काढला न्हाय. पर आता झाकून ठेवायचं न्हाय मला. पंदरा वर्सं लई झाली."

राहीबाईने कपाटातून त्याचा धुतलेला सदरा काढून दिला.

संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. सयाजीच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. हौसेराव याचीच वाट बघत होते. त्यांनी माइक मास्तरांपुढे धरला.

"मास्तर, ओळखलंत ना आमच्या हिरोला? जरा चार शब्द होऊन जाऊ देत."

मास्तरांनी चष्मा पुसला, सयाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"नाही बुवा. यांना मी आज पहिल्यांदा बघतोय. ती उडी यांनी नाही मारलेली."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. सदूने लाजून मान खाली घातली. एवढ्या वर्षांची इज्जत गेली म्हणायची.

"सयाजीराव, काय म्हणणं आहे तुमचं?" हौसेराव हसत म्हणाले.

सयाजीची मान ताठच होती. "मास्तर खरं बोलत्यात. मला पवायला बी येत न्हाय."

लोक हसले. त्याने शांतपणे खांद्यावरची शाल काढली, घडी नीट केली आणि शाल-नारळ घेऊन तो स्टेजच्या पायऱ्या उतरला. कुणाकडे न बघता तो थेट बायकांच्या बाजूला गेला आणि तिसऱ्या रांगेत अंग चोरून बसलेल्या राहीबाईपुढे उभा राहिला.

मास्तरांची नजर त्याच्यामागोमाग गेली. ते ताडकन खुर्चीवरून उठले, त्यांनी दोन्ही हात जोडले.

"अहो बाई, तुम्ही इथे! नायकाची मिशी तुमच्या ओठावर याच हातांनी चिकटवली होती मी."