बारीक अक्षरातली टीप

आत्मचरित्रात आबांनी काहीच दडवलं नव्हतं. थोरल्या लेकीच्या मृत्यूची हकिगत मात्र बारीक अक्षरातल्या तळटिपेत घातली होती. माईंची नजर अधू झालेली. त्यांना ती वाचता येणार नाही, हे आबांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे लेकाने हौसेने त्याचं ई-बुक केलं आणि रीडर माईंच्या हातात दिला. "माई, या चांदणीवर बोट ठेव. तळटीपसुद्धा मोठ्या अक्षरात उघडते."

दुपारभर माई खिडकीशी वाचत बसल्या. आबा पेपरात तोंड खुपसून होते, पण सगळं लक्ष त्यांच्या बोटाकडे. अखेर माईंनी रीडर बाजूला ठेवला.

 

"म्हणजे तुम्ही डॉक्टरांना बोलवायला गेलाच नव्हतात," त्या म्हणाल्या. "आणि मी जन्मभर त्या भल्या माणसाला तळतळाट देत आले."