वाळूचे प्रवासी

"सीटखालीही एक ठेव," उस्ताद म्हणाले. "ओलं करून ठेव, जड होतं."

जावयाने वाळूचं पोतं खांद्यावरून उतरवलं आणि तो बसच्या दारातच थबकला. "मामा, एका सीटवर एकच पोतं, असं मॅडमनी सांगितलंय. एक पोतं म्हणजे एक प्रवासी."

"मग आजचे प्रवासी जरा खाऊनपिऊन आलेत, असं समज."

जावई हसला नाही. उस्तादांनाही हसू आलं नव्हतंच.

ही नवी बस हायड्रोजनवर चालायची. टाकीतल्या वायूपासून गाडीतच वीज व्हायची, तिच्यावर चाकं फिरायची आणि मागच्या नळीतून धुराऐवजी नुसतं पाणी ठिबकायचं. आज ती पोत्यांसकट टेकडीवरच्या जलकुंभापर्यंत चढली, की डेपोतल्या सगळ्या डिझेल बस जाणार होत्या आणि त्यांच्यामागोमाग इंजिनखातंही.

उस्तादांचं उभं आयुष्य त्या खात्यात गेलं होतं. एके काळी सकाळी सगळी इंजिनं एकदम सुरू झाली, की खिडक्यांची तावदानं थरथरायची, कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. आता तिथे मोजकी माणसं उरली होती. त्यातला एक जावई. लेकीचं घर आणि त्यांचं घर, दोन्ही चुली त्याच खात्याच्या जिवावर पेटत होत्या.

"आणि एवढं करूनही चढलीच तर?" जावयाने विचारलं.

"तुझं ट्रकखात्यात बोलून ठेवलंय. साहेबांनी शब्द दिलाय. ट्रकचं ओझं ह्या खेळण्याला पेलायचं नाही, असं तेच म्हणतात. तिथे डिझेलला मरण नाही."

"आणि तुम्ही?"

"मला ह्या वयात कोण विचारतंय? पोतं उचल."

थोड्या वेळाने चाचणी घेणाऱ्या मॅडम आल्या. उस्तादांच्या लेकीच्याच वयाच्या. "उस्ताद, चला ना वर! तुमच्याशिवाय ह्या डेपोतली गाडी हलते होय?" नाही म्हणायला सवडच न देता त्यांनी उस्तादांना ड्रायव्हरच्या शेजारी उभं केलं. जावई मागे पोत्यांच्या गर्दीत.

सपाटीवर बस निमूट गेली. चढ लागला तशी मंदावली.

"अगं, काय झालं तुला आज?" ड्रायव्हर पुटपुटला.

वळणावर तर ती पायी चालणाऱ्याच्या वेगावर आली. उस्तादांनी दांडा घट्ट धरला. थांब, बाई, थांब. ज्या हातांनी जन्मभर बंद पडलेल्या गाड्या चालू केल्या, ते हात आज एक चालती गाडी बंद पडावी म्हणून घामेजले होते.

बस थांबली नाही. रडतखडत का होईना, जलकुंभापाशी जाऊन उभी राहिली.

मॅडम उतरल्या. दबलेले टायर पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्या परत आत आल्या, वाकल्या, एका सीटखाली हात घातला. तळव्याला ओली वाळू लागली. एकेका सीटखाली बघत त्या पार मागच्या रांगेपर्यंत गेल्या.

"हे कोणी भरलं?"

जावयाने मान खाली घातली.

"मी," उस्ताद म्हणाले. "त्याला काही बोलू नका, तो नुसता हमाल होता. मला काढा, पोलिसांत द्या, काय हवं ते करा. पण त्याचं ट्रकखात्यातलं काम तेवढं राहू द्या. घरात तान्हं लेकरू आहे हो."

मॅडम बसच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उस्ताद, वर्षभर मी सगळ्यांच्या पाया पडतेय, एकदा दुप्पट ओझं घालून बघू द्या म्हणून. गाडी वाया जाईल, म्हणून कोणी परवानगी देईना. आणि तुम्ही न विचारता करून दाखवलंत!"

त्यांनी वाळूचे हात पदराला पुसले आणि फोन लावला.

"साहेब, चढली! दुप्पट वजनाने चढली. आता बसचं नंतर बघू, सुरुवात ट्रकखात्यापासूनच करू या."