शाकाहारी चिन्नी

जनावरांच्या दवाखान्यात चिन्नीला टेबलावर आडवी केली आणि पोट उघडं पडलं, तसं काशम्मानं तोंड फिरवलं. छातीपासून मागच्या पायांपर्यंत केस म्हणून उरला नव्हता. कातडी लाल, कोंडा धरलेली, दोन ठिकाणी चाटून चाटून ओली झालेली. कपाळावर विभूतीची बोटं मात्र ठसठशीत होती. सकाळी आंघोळ झाल्यावर काशम्मानं ती आपल्याबरोबर मांजरीलाही लावली होती.

"डॉक्टरबाई, सुई टोचून झोपवायचं असलं तर आदी सांगा," ती म्हणाली. "मी हिला घरी नेते. जायाची तर माझ्या मांडीवर जाईल."

डॉक्टर शुभदांनी बारीक दातांची फणी फिरवून पिसवा शोधल्या, डोळ्यांत उजेड टाकला, मग बराच वेळ छाती ऐकत राहिल्या. चौदा वर्षांची चिन्नी सगळं सोसत पडून होती. मधूनच जरा सवड मिळाली की मान वळवून पोट चाटत होती.

खरं तर तिला इथं आणलं शेजारच्या मनकर्णानं. लेकीच्या बाळंतपणासाठी मनकर्णा तीन महिने पुण्याला होती. काल घरी परतली, मधल्या भिंतीवर बसलेली चिन्नी दिसली आणि बॅग दारातच टाकून ती काशम्माकडे गेली. तोवर काशम्माचं हळद, खोबरेल, कडुलिंबाचं पाणी सगळं करून झालं होतं. गल्लीतल्या शहाण्यांनी कॅन्सर म्हणून सांगूनही टाकलं होतं.

लावलेलं सगळं ती चाटून पोटात घेते, आजपासून काही लावू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, खायला काय घालता?

काशम्मा जरा ताठ झाली. हा तिचा आवडता प्रश्न. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चिन्नीची ओळख याच गोष्टीनं व्हायची.

"दूधभाकरी. सणाला तूप. आमच्यात वाढलेली हाय, भलतंसलतं शिवत न्हाय. सांजच्याला देवापुढं दिवा लावायच्या आदी ओल्या फडक्यानं तोंड पुसते तिचं, मगच आत घेते."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. नुसत्या दूधभाकरीवर मांजर इतकी वर्षं जगत नाही, त्या शांतपणे म्हणाल्या. मांसमच्छी मिळाली नाही की कातडी कोरडी पडते, खाज सुटते, मांजर चाटत सुटतं. वर्षानुवर्षं नाही मिळाली तर डोळे जातात, हृदय थकतं. हिची कातडी बिघडली आहे, पण डोळे आणि हृदय झकास आहेत.

"म्हणजे हिला इतकी वर्षं कुणीतरी खायला घालत होतं, आणि ते हल्लीच बंद झालंय," त्या म्हणाल्या. "तसं नसेल तर मला दुसरा आजार शोधावा लागेल. भूल द्यावी लागेल. आणि या वयात हिला भूल द्यायची मला भीती वाटते."

मनकर्णा टेबलाच्या पलीकडे उभी होती. दोघींचा तीस वर्षांचा शेजार होता. भिंतीवरून काशम्माची शेंगाचटणी अलीकडे यायची, पण मनकर्णाच्या चुलीवरचं काही कधी पलीकडे गेलं नव्हतं. त्याबद्दल दोघी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. आता तोंड उघडलं तर काशम्माचं सगळं कौतुक मातीत जाणार, आणि बहुतेक शेजारही. तिनं एकदा चिन्नीच्या पोटाकडे बघितलं.

"मी घालत व्हते," ती डॉक्टरांना म्हणाली. "दुपारची भिंतीवर येऊन बसायची. कदी सुकट, कदी बोंबील. मी पुण्याला गेले आन् घराला कुलूप पडलं."

काशम्माकडे बघायचा तिला धीर झाला नाही. डॉक्टर मात्र मोकळं हसल्या. कॅन्सर नाही, काही नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. खारवलेलं देऊ नका, बिनमिठाची उकडलेली मासळी नाहीतर चिकन द्या, खाजेचं औषध देते, केस येतील. झोपवायची गोष्ट परत काढायची नाही.

मग काशम्मा रडली. चिन्नीला पदरात घेऊन अशी हमसून रडली की बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दारातून डोकावली.

रिक्षात दोघींच्या मध्ये टोपली होती. चिन्नी वाचली या आनंदात मनकर्णाला अर्धा रस्ता काही सुचलं नाही. उरलेला अर्धा मात्र काशम्माच्या गप्प बसण्यानं जड झाला. शेवटी मनकर्णानंच विषय काढला. तुला न विचारता घातलं, चुकलं माझं, असं म्हणाली.

"मला वाटलं, त्या खाण्यानंच अंग नासलं तिचं," काशम्मा समोर बघत म्हणाली. "म्हणून डॉक्टरबाईपुढं गप बसले. तुझं नाव कशाला घ्यायचं."

मनकर्णा बघतच राहिली. "म्हंजे तुला ठावं व्हतं?"

काशम्मानं टोपलीचं झाकण उचललं आणि पदराच्या टोकानं चिन्नीच्या मिशा पुसल्या.

"बोंबलाच्या दिवशी दोनदा पुसाय लागायचं की."