मधल्या सुट्टीची सवलत

मनातलं बोलणं एकमेकांना पोचवणारी कपाळपट्टी बांधली की शलाकाला फिट येते, हे शाळेने अखेर मान्य केलं.

“हिला धडे बाई तोंडाने शिकवतील, पेपरला वेळही जास्त मिळेल,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. आईने डोळे पुसले.

“आणि मधल्या सुट्टीत?” शलाकाने विचारलं. “तेव्हा माझ्याशी तोंडाने कोण बोलणार?”

“अगं, सुट्टीत कसली सवलत? खेळायचं की!”

घंटा झाली. पोरं डबे उघडून गोल बसली. सगळी आपापल्या पट्ट्यांमधून मनातल्या मनात गप्पा मारत होती. ओठ हलत होते ते फक्त घास चावताना. शलाका त्यांच्यात जाऊन बसली.

एकाएकी सगळी खदाखदा हसली. शलाकाही घाईने हसू लागली. सगळी थांबली, तेव्हा मैदानात तिचं एकटीचंच हसणं ऐकू येत होतं.