मनगटावरचा गळ

सोमवारी मला शाळेवर पुन्हा रुजू व्हायचं होतं, आणि दहा महिन्यांच्या लेकराला सांभाळायला अख्ख्या आखाडा बाळापुरात एकटी रूथ मिळाली होती. तिच्या मनगटावर टॅटू होता, जहाजाच्या अँकरचा. सासूबाईंनी तो पाहिला तर तिला दारातूनच परत पाठवतील, या धास्तीनं मी तिला बाही खाली ओढायला खुणावत होते. पण सासूबाईंचं लक्ष गेलंच.

"काय गं पोरी, हे काहून गोंदलं?"

"आजी, आमी ख्रिस्ती. आमच्यात ही आशेची खूण. हा लोखंडी आकडा समुद्रात खाली सोडला की वादळातबी जहाज वाहून जात न्हाई."

सासूबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. त्यांनी चष्मा लावला आणि तिचं मनगट जवळ ओढलं.

"कशाचं जहाज? विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ हाय हा! आमच्या शिरड शहापूरला अस्साच होता. बादली पडली की आमी बाया रडकुंडीला यायचो, अन् कुणी गळ घेऊन आलं की हसायचो."

रूथ हसली. "मंग आशाच की, आजी."

"व्हय, बराबर हाय. ये सोमवारपासून."



पुढच्या शनिवारी शाळेतून आले, तर सासूबाईंच्या हातावर, जुन्या हिरव्या गोंदणाशेजारी, ताजा अँकर होता. आणि त्याला अडकून वर आलेली बादलीसुद्धा.